बाळूच्या आवाजातला कोंबडा

काल मी भर बाजारात रस्त्यावर बसले.

माझ्या लेकीने, अनूने, भेंडीवाल्याच्या गाडीसमोर अंग टाकलं होतं. मागून कुणीतरी कर्कश हॉर्न वाजवला, तिने दोन्ही कान दाबले आणि खाली पडली ती उठेचना. आता ती मोठी झाली आहे, उचलून कडेवर घेणं मला झेपत नाही. लोक थांबले. मी पिशवी बाजूला ठेवली, तिच्याशेजारी मांडी घातली आणि छत्री उघडून दोघींच्या डोक्यावर धरली. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. पण छत्री खाली ओढून धरली की लोकांचे पाय तेवढे दिसतात, तोंडं दिसत नाहीत. हे मला ब्रिजित टीचरांनी शिकवलं.

लाज वाटली का? वाटली. कानाच्या पाळ्या तापल्या. टीचर असत्या तर म्हणाल्या असत्या, "वाटली ना? मग वाटू दे. पण बसलीस ना? झालं तर."

टीचरना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्या प्रार्थनेला आम्ही सगळ्या आया गेलो होतो. एकेकीने उभं राहून त्यांच्याबद्दल चार शब्द सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी पदराचं टोक पिळत खाली बघत राहिले, आणि शेजारच्या बाईने माझ्यावरून माईक पुढे दिला. मी चौथी शिकलेली. बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, पण एकटी असले की लिहिता येतं. तेव्हा राहिलेलं आता लिहिते आहे. कुणाला दाखवायचं नाही.

टीचरांचं घर मरोळच्या जुन्या गावठाणात होतं, आणि अनूसारख्या मुलांचं केंद्र त्या घरातच चालवायच्या. चारी बाजूंनी उंच इमारती आणि मध्ये ते कौलारू घर, पुढे लाकडी कठड्याचा ओटा. त्या तिथल्या मूळच्या ख्रिस्ती घरातल्या. बोलणं आमच्यासारखंच मराठी, फक्त 'गो' आणि 'बाय' जास्त. मे महिन्यात ओट्यावर मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या आणि आमची पोरं शिंकून बेजार व्हायची. टीचर अंगाने ठेंगण्या, भरलेल्या, गुडघ्यांनी अधू. फुलाफुलांचा झगा आणि त्यावर दोन खिशांचा एप्रन. एका खिशात मोबाईल, दुसऱ्यात खारे दाणे. दाणे मुलांसाठी असतात असं त्या सांगायच्या, पण निम्मे स्वतःच खायच्या.

ओट्यावर चढायच्या आधी चपला काढायची एक फळी होती. पहिल्या दिवशी मी तिथे अनूला घेऊन उभी होते. रिक्षात तिने सगळा वेळ किंचाळून काढला होता. रिक्षा आमच्या ह्यांचीच, म्हणून कुणी उतरवलं नाही. मी तिचं तोंड पदराखाली दाबून धरलं होतं. ती माझी सवयच होती. अनू ओरडायला लागली की मी तिला पदराखाली घ्यायची. लोकांना वाटायचं माया आहे. ती माया नव्हती.

टीचर ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "चपला काढ. आणि लाज पण काढून ठेव तिथेच, चपलेशेजारी. आत नको आणूस. माझं घर लहान आहे."

मी चपला काढल्या, पदर मात्र घट्ट धरून ठेवला.

"घाबरू नको गो, कोण चोरून नेत नाही. जाताना चपला घालशील तेव्हा लाज पण मिळेल परत. हवी असली तर घे."

मला तेव्हा हसू आलं नाही. पण पोरीवरचा पदर मी काढला. अनू तेव्हा सहा वर्षांची होती. बोलत नव्हती, हाक मारली तर बघत नव्हती. मी तिच्या तोंडासमोर तोंड नेलं की ती मान वळवून माझ्या कानामागच्या भिंतीकडे बघायची. डॉक्टरांनी त्याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं होतं. सासूबाईंनी त्याला माझं दुर्लक्ष म्हणतात असं सांगितलं होतं. मला दोन्ही खरं वाटायचं.

आतल्या खोलीत एका चौरंगावर बाळू बसलेला असायचा.

बाळू म्हणजे टीचरांचा रोबो. गुडघ्याएवढा उंच. डोकं म्हणजे पांढरा गोल प्लास्टिकचा डबा, त्यावर डोळ्यांचे दोन दिवे आणि तोंडाच्या जागी एक रेघ. मान डावीकडे-उजवीकडे वळायची, एक हात वर जायचा, खाली यायचा. पोटात एक जुना मोबाईल. परदेशात अशा मुलांसाठी मोठेमोठे रोबो असतात म्हणे, पण त्यातल्या एकाच्या किमतीत आमच्या जोगेश्वरीच्या डोंगरावर खोली येईल. टीचरनी मासिकातलं चित्र फाडलं आणि साकीनाक्याला इस्माईलभाईंच्या गाळ्यात नेऊन ठेवलं. इस्माईलभाई मिक्सरची भांडी आणि खेळण्यांचे सुटे भाग करायचे. ते म्हणाले, "टीचर, इसमें तो सौ चीज़ें हैं. आँख, भौं, गाल, सब हिलता है." टीचर म्हणाल्या, "मला शंभर नको. मला कमी पाहिजे. जितकं कमी हलेल तितकं चांगलं." इस्माईलभाई ही गोष्ट सगळ्यांना सांगायचे. कमी काम करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

कमी का हवं ते त्यांनी मला एकदा लसूण सोलता सोलता सांगितलं. "आपलं तोंड म्हणजे सणाच्या आदल्या दिवशीचा बाजार आहे. भुवई उडते, नाक फुगतं, ओठ हलतात, आणि वरून आपण बोलतो पण. अनूला त्या गर्दीत कुठे बघायचं तेच कळत नाही, म्हणून ती बाजारातच शिरत नाही. बाळूचं तोंड म्हणजे दुपारी दोन वाजताची गल्ली. कोण नाही. तिथे ती येईल."

"आली की बोलेल?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही." त्यांनी लसणाची पाकळी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "खोटं कशाला सांगू? काही मुलं बाळूकडे ढुंकून बघत नाहीत. एकाने त्याचा हात चावून तोडला. पण बघितलं तर बघितलं."

बाळूचा आवाज टीचरांचाच होता. त्यांचा स्वतःचा आवाज असा, की ओट्यावरून हाक मारली तर नाक्यावरचा पाववाला थांबायचा. बाळूसाठी त्या वेगळं बोलायच्या. एक शब्द, मग थांबा, मग दुसरा शब्द, सगळे एकाच सुरात. 'मी. बाळू. तू. कोण?' 'हात. वर.' 'शाब्बास.' त्यांच्या घरावरून विमानं जातात, म्हणून पहाटे विमानं कमी असताना त्यांनी हे सगळं मोबाईलवर भरून घेतलं होतं. विमानं चुकवली, पण शेजारच्या घरचा कोंबडा चुकला नाही. 'शाब्बास' म्हटल्याबरोबर मागून तो आरवला आणि तोही भरला गेला. त्यामुळे बाळूच्या शाब्बासला नेहमी कोंबडा असायचा.

अनू बाळूकडे कित्येक आठवडे फक्त पाठ करून बसली. मग तिरकी बसायला लागली. मग एक दिवस बाळू म्हणाला 'हात. वर.' आणि त्याने हात वर केला, आणि अनूचा हात उठला. अगदी बाळूसारखा, कोपर न वाकवता, झटक्या झटक्याने. टीचरनी एप्रनच्या खिशातल्या मोबाईलचं बटण दाबलं. 'शाब्बास', आणि मागून कोंबडा. अनूने हात खाली घेतला आणि बाळूच्या दिव्यांकडे बघितलं. सरळ. कितीतरी वेळ बघत होती.

सगळ्या आयांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या, आवाज न करता, हवेतल्या हवेत, कारण टाळ्यांचा आवाज मुलांना चालत नाही. मी उठून मागच्या दारी मोरीपाशी गेले आणि नळ सोडला.

टीचर मागून आल्या. "पोटात दुखतंय?"

"नाही."

"मग जळतंय."

मी नळाखाली हात धरले. ज्या पोरीला मी नऊ महिने पोटात वाढवलं, जिच्या डोळ्यांसमोर मी रोज नाचत होते, तिने बघितलं ते एका डब्याकडे. आणि मला त्या डब्याचा हेवा वाटत होता. एवढी लाज मला बाजारातही वाटली नव्हती.

टीचरनी माझ्या ओल्या हातावर दाणे ठेवले. "माझं पण जळतं गो. आवाज माझा आणि बघतात त्या डब्याकडे. माझ्याकडे कोण बघतंय? पण एक सांगते. ज्या दिवशी ती त्याला सोडून तुझ्याकडे वळेल ना, त्या दिवशी बाळूला मी माळ्यावर टाकणार. मला काय त्याचं लग्न लावायचंय?"

तेव्हापासून मी फक्त त्याच दिवसाची वाट बघत होते.

बाळूचे नियम टीचर फार कडक पाळायच्या. जागा तीच, चौरंग तोच, कपडा नाही, टोपी नाही. थंडीत एका आईने कौतुकाने त्याला लोकरीची टोपी घातली, तर टीचरनी ती मिनिटात काढली. "उद्या तुझा नवरा डोकं वीतभर वाढवून घरी आला तर तू घेशील का आत?" कोंबडा काढून टाकायचाही त्यांनी प्रयत्न केला होता. नवा, स्वच्छ शाब्बास भरला. अनूने हात वर केला, शाब्बास झालं, पण कोंबडा आला नाही. हात तसाच वर. बाळूने पुन्हा शाब्बास म्हटलं. हात तसाच. खांदा थरथरायला लागला तरी तिने तो खाली घेतला नाही. शेवटी टीचरनी धावत जाऊन जुना आवाज लावला, कोंबडा आरवला, आणि मग कुठे पोरीचा हात खाली आला. "राहू दे बाबा तुझा कोंबडा," टीचर म्हणाल्या आणि आपला घाम पुसला.

शनिवारी त्या आम्हाला मुलांसकट बाजारात न्यायच्या. मुलांसाठी नाही, आमच्यासाठी. पहिल्याच शनिवारी अनू मासळीवाल्यांच्या रांगेत आडवी झाली. माझा हात पदराकडे गेला. तेवढ्यात टीचर त्या चिखलात, त्या गुडघ्यांनी, बुडाखाली पिशवी घेऊन बसल्या आणि त्यांची ती काळी पुरुषी छत्री उघडली. बसताना "मेले गो आई" असं इतक्या जोराने म्हणाल्या की अनूपेक्षा त्यांच्याकडेच लोक बघायला लागले. एक माणूस जास्तच वाकून बघत होता. टीचर छत्रीखालून म्हणाल्या, "काय रे, तिकीट काढलंस? मग पुढे सरक, मागच्यांना दिसत नाही." मासळीवाली खो खो हसली. मी उभीच होते. टीचरनी माझ्या साडीचा सोगा ओढला. "तू काय पाहुणी आहेस? बस."

मी बसले नाही त्या दिवशी. टीचर अनूजवळ बसून राहिल्या आणि मी दोन हात लांब, कुणीतरी दुसऱ्याच असल्यासारखी. त्यांनी ते पाहिलं.

फक्त एकदा मी त्यांना विचारलं होतं, तुमचं स्वतःचं कुणी असं होतं का, म्हणून तुम्ही हे करता का. त्या म्हणाल्या, "नाही. मी शाळेत शिकवायचे तेव्हा वर्गात एक पोरगं होतं. सारखं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मला वाटायचं माझा अपमान करतोय. मी रोज ओरडले त्याच्यावर, वर्षभर." मग दाणे तोंडात टाकले आणि विषय संपला.

आता त्या दसऱ्याच्या वेळचं लिहायला पाहिजे.

एका ट्रस्टची माणसं बाळूला बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं तर असे आणखी बाळू करायचे होते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या आया पोरांना घेऊन इतक्या लांब यायच्या, त्यांना जवळ केंद्र होणार होतं. टीचर त्या दिवशी साडी नेसल्या होत्या. आम्ही त्यांना साडीत कधीच पाहिलं नव्हतं. सारख्या निऱ्या चाचपत होत्या. अनूला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं, कारण बाळूबरोबर सगळ्यात छान तीच करायची.

दिवस खंडेनवमीचा. सकाळपासून गल्लीत सगळ्या रिक्षांना झेंडूच्या माळा. पिठाच्या गिरणीला, शिंप्याच्या मशीनला, पाण्याच्या पंपाला, सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं. आमच्या ह्यांनी रिक्षा धुऊन पुढे नारळ फोडला होता. एक आई केंद्रातल्या मिक्सरसाठी आणि टीचरांच्या शिलाई मशीनसाठी ताट घेऊन आली होती. टीचर ख्रिस्ती, पण अशा गोष्टींत सगळ्यांच्या पुढे. मशीनला हळदकुंकू लावून झालं, आणि त्या आनंदाने म्हणाल्या, "आणि माझा बाळू तेवढा तसाच राहील होय? सगळ्यात मोठं मशीन तर तोच!" त्यांनीच बोट बुडवलं. त्यांचा हात जरा जड. डोळ्यांच्या दिव्यांच्या मध्ये लाल मोठा टिळा, वर हळदीचं बोट, हळद एका दिव्यावरही उतरली. गळ्यात झेंडूची माळ. आम्ही सगळ्यांनी हात जोडले.

टोपीवरून एवढं बोलणाऱ्या टीचरना ते सुचलं नाही. आम्हालाही नाही. त्या दिवशी मशीनला हळदकुंकू लावायचंच असतं, त्यात सुचण्यासारखं काय आहे?

पाहुणे आले. खुर्च्यांवर बसले. मी अनूला आत आणलं.

ती दारातच थांबली. बाळूचा एक डोळा पांढरा होता, एक पिवळा, आणि मध्ये लाल. दुपारच्या त्या रिकाम्या गल्लीत तिला काय दिसलं असेल ते देव जाणे. ती धावली आणि तळव्याने तो टिळा पुसायला लागली. कुंकू पसरलं. सगळं तोंड लाल झालं, तिचा हातही लाल. मग ती किंचाळली. किंचाळत तिने बाळूला ढकललं, तो चौरंगावरून पडला, मान मोडून एका बाजूला लोंबली, आणि आतलं काहीतरी अडकलं. जमिनीवर पडल्या पडल्या बाळू म्हणायला लागला, 'शाब्बास', मागून कोंबडा. 'शाब्बास', कोंबडा. 'शाब्बास', कोंबडा. आणि अनू आपलं डोकं फरशीवर आपटत होती.

पाहुण्यांतल्या एका बाईने तोंडावर हात ठेवला.

टीचरनी पाहुण्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचं तोंड मी ओळखलं नाही. म्हणाल्या, "सुनंदा, हिला बाहेर ने."

मी उभीच. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं की पोर रडलं तर कुठेही न्यायचं नाही, आहे तिथेच बसायचं.

"आधी बाहेर ने गो तिला!"

मी अनूच्या डोक्यावरून पदर घेतला आणि तिला ओढत बाहेर नेलं. माझे हात आपोआप चालले, इतक्या दिवसांत ते विसरले नव्हते. फळीवरून चपला घातल्या. अनूची एकच मिळाली. दुसरी शोधायला मी थांबले नाही. आत अजून कोंबडा आरवत होता.

त्यानंतर मी केंद्रात गेले नाही. टीचरांचा फोन यायचा, मी उचलायची नाही. पाहुण्यांनी पुढे काही कळवलं नाही असं दुसऱ्या एका आईकडून समजलं. अनू खाटेखाली भिंतीकडे तोंड करून बसायची, मागे-पुढे हलायची. ज्याच्याकडे ती बघत होती तोही आता नव्हता. मी ताट खाटेखाली सरकवायची आणि रिकामं झालं की ओढून घ्यायची.

आमची खोली जोगेश्वरीच्या डोंगरावर, पायऱ्या चढून चढून येते. एका दुपारी शेजारची कमल ओरडत आली, "सुनंदा, अगं खाली एक मोठी बाई पायऱ्यांवर बसलीय, तुझं नाव घेतेय. वर येताना तिची वाट लागलीय." मी बाहेर आले तर टीचर. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात अनूची ती राहिलेली चप्पल.

"आत या ना टीचर."

त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. दम लागला होता. म्हणाल्या, "नाही गो. आज मला आत यायची लाज वाटते."

कमल आणि आणखी दोघी-तिघी दारात आल्या होत्या. टीचरनी त्यांच्याकडे बघितलं, पण आवाज खाली आणला नाही. "पाहुण्यांसमोर मला अनूची लाज वाटली. इतकी वर्षं दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं आणि माझ्यावर आलं तर पोरीला झाकायला सांगितलं. टिळा मी लावला आणि बाहेर तिला काढलं. तुला नाही सांगायला आले मी. तिला सांगायचंय. येऊ?"

मी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं, चपला काढल्या आणि आत आल्या.

खाटेशेजारी त्या जमिनीवर बसल्या. बसताना या वेळी "मेले गो" म्हणाल्या नाहीत, ओठ दाबून बसल्या. अनूसारखंच त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग बाळूच्या आवाजात म्हणाल्या, "मी. बाळू. तू. कोण?"

अनूचं हलणं थांबलं.

"मी. बाळू."

अनू खाटेखालून बाहेर आली. तिने ट्रंकेच्या मागे बघितलं, गॅसच्या टेबलाखाली बघितलं. बाळू कुठेच नव्हता. टीचर म्हणाल्या, "हात. वर." आणि स्वतःचा हात वर केला, कोपर न वाकवता, झटक्या झटक्याने. अनू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा हात वर गेला.

"शाब्बास," टीचर म्हणाल्या. आणि मग मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून, त्या आरवल्या. "कुकूऽऽच कू!"

कमल फिस्कन हसली. दारात पोरंटोरं जमली. "म्हातारी येडी झाली," कुणीतरी म्हणालं. अनूचा हात खाली आला, आणि तिने टीचरांच्या तोंडाकडे बघितलं. भिंतीकडे नाही, तोंडाकडे. बाळू तिथून बोलतो आहे हे तिला कळलं होतं. तिने आपला तळवा उचलून त्यांच्या ओठांवर ठेवला.

टीचरनी तोंडावरची एक रेघ हलू दिली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही पुसलं नाही. पुसलं असतं तर हात हलला असता, तोंड बदललं असतं.

मी हे सगळं दोन हात लांबून बघत होते. आणि खरं सांगते, मला पुन्हा जळलं. आधी डब्याकडे बघितलं, आता टीचरांकडे. मी अजून रांगेतच.

टीचरना ते न बघता कळलं. हळूच, ओठ कमीत कमी हलवत म्हणाल्या, "आता तू."

"मला नाही जमणार."

"कोंबड्यासारखं आरवायला चौथी पास पुरते गो."

"सगळे बघतायत टीचर."

"बघू दे की."

मी मान हलवली. त्यांनी जबरदस्ती केली नाही. भिंतीचा आधार घेऊन उठल्या, अनूच्या मुठीत दाणे ठेवले, बाहेर जाऊन चपला घातल्या. मला वाटलं, निघाल्या. त्यांच्या मातीला मी गेले होते, पण त्या पेटीत जे होतं ते मी टीचर धरत नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, पुढे थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

पायऱ्या उतरून त्या नळापर्यंत गेल्या. तिथे भांडी घेऊन बायकांची रांग होती. टीचर त्या रांगेच्या मध्येच वळल्या आणि आमच्या दाराकडे तोंड करून त्यांनी हात वर केला. बाळूसारखा. आणि तसाच ठेवला.

अनू माझ्या पुढे उंबऱ्यावर उभी होती. तिचा हात वर गेला.

मी वाट बघत राहिले की टीचर शाब्बास म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. खाली त्यांचा हात वर, इथे पोरीचा हात वर. नळावरच्या बायका एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होत्या. एकीची कळशी भरून वाहायला लागली. अनूचा खांदा थरथरला, तरी हात खाली येईना. आणि तेव्हा मला समजलं की त्या माझ्यासाठी थांबल्या आहेत, आणि मी काही केलं नाही तर त्या गुडघ्यांनी संध्याकाळपर्यंत थांबतील.

"शाब्बास," मी म्हटलं. बाळूसारखं, पण इतकं हळू की मलाच ऐकू आलं.

अनूचा हात वरच.

खालून टीचरांचा तो नाक्यावरचा पाववाला थांबवणारा आवाज आला, "कोंबडा कुठे आहे गो?"

सगळा डोंगर हसला असं मला वाटलं. माझे कान पेटले. पदर डोक्यावरून पुढे ओढायला हात निघाला, आणि मध्येच थांबला. मी डोळे मिटले आणि आरवले. फाटका, घोगरा, कोंबडीच्या पिल्लासारखा आवाज आला. मग पुन्हा आरवले, जोराने.

डोळे उघडले तर अनूचा हात खाली आला होता. ती उंबऱ्यावर पूर्ण वळली होती, बाहेरच्या सगळ्या जगाकडे पाठ करून. माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिचा तळवा माझ्या ओठांवर आला. ओलसर, दाण्याच्या मिठाचा.

मला लाज वाटत होती. दारात कमल हसत होती, पोरं माझी नक्कल करत होती, आणि मला इतकी लाज वाटत होती की पायाखालची पायरी दिसत नव्हती. पण मी तोंड हलवलं नाही.

तिच्या बोटांवरून मला खालचं दिसत होतं. टीचरांचा हात अजून वर होता. मग तो खाली आला, झटक्या झटक्याने, कोपर न वाकवता. त्या वळल्या, जिची कळशी वाहत होती तिचा नळ जाता जाता बंद केला, आणि कठडा धरून, आधी एक पाय मग त्याच पायरीवर दुसरा, अशा खाली उतरत गेल्या.

वळून बघितलं नाही त्यांनी. वळल्या असत्या तर अनूने त्यांच्याकडे बघितलं असतं.